"इन्सुलिन म्हणजे आता शेवटचंच ना?"

हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता माणूस खुर्चीत बसायच्या आधीच कळतो. हे काका तसेच. शुगरला १६ वर्षं, दोनाच्या तीन गोळ्या झालेल्या, डॉक्टर म्हणतात इन्सुलिन सुरू करू आणि काका म्हणतात तीन महिने द्या, कंट्रोल करून दाखवतो. असं तीनदा झाल्यावर आले माझ्याकडे समुपदेशनाला.

डायरी मात्र एकदम टापटीप. उपाशीपोटी ११२, ११८, ११५. आणि एचबीए१सी (तीन महिन्यांच्या शुगरचा अंदाज देणारी रक्ततपासणी) ९.२, म्हणजे सरासरी शुगर २१७ च्या आसपास! पहिल्या भेटींत मीही आहार आणि चालण्यावरच बोलत बसले, कबूल करते. मग एकदा म्हटलं, काका, शुगर मोजायचं मशीन आणा बरं. मेमरीत १९८, २२४, २०७.

बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "शाळेत प्रगतीपुस्तक लपवायचो, तसंच झालं हे."

"लपवलं कुणापासून? डॉक्टरांपासून?"

"...माझ्यापासूनच बहुतेक."

तिथे मला लख्ख दिसलं, भीती सुईची नव्हतीच. 'डोस वाढला' हे त्यांना 'नापास झालास' असं ऐकू येत होतं. मी कायम म्हणते, आधी मनातलं वाक्य पकडा.

खरं तर यात नापास कुणीच नाही. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी वर्षानुवर्षं थकत जातात, ब्रिटनच्या यूकेपीडीएस या मधुमेहावरच्या अभ्यासात तर निदानाच्या वेळीच त्यांचं काम निम्म्यावर आलेलं दिसलं. ग्लिमेपिराइडसारखी गोळी त्या पेशींना कामाला जुंपते, पण पेशीच दमल्या तर जुंपून काय होणार? आणि डॉक्टर डोस ठरवतात तुमच्या आकड्यांवरून, आकडा खोटा तर डोसही चुकणार.

शेवटी रात्री इन्सुलिनच्या १० युनिटने सुरुवात झाली, मेटफॉर्मिन ही शुगरची दुसरी गोळी तशीच, ग्लिमेपिराइड निम्मी. सकाळची शुगर १३० च्या वर राहिली तर दर तीन दिवसांनी २ युनिट वाढवायचे, ७० च्या खाली गेली तर लगेच साखर खाऊन कळवायचं. (हे काकांचं गणित आहे हं, वाचून स्वतःवर लावू नका, तुमचं तुमच्या डॉक्टरांना विचारा.)

पुढच्या भेटीत डायरी उघडली तर अक्षर गिचमिड, एका पहाटेच्या आकड्याभोवती लाल गोल. ६४. शेजारी लिहिलेलं, 'घाम फुटला, ३ चमचे साखर, १५ मिनिटांनी ९१'. डॉक्टरांनी ४ युनिट कमी केले होते.

काका माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, डोस खाली पण येतो की!"