आतल्या भिंतीवरची यादी

प्रश्न : मी पारोळा तालुक्यातली. एकोणीस वर्षं एकाच पक्षाचं काम करतेय. बूथवर बसणं, घरोघरी स्लिपा वाटणं, सभेला बायका गोळा करणं, सगळं. या वेळी आमच्या गटाचं तिकीट चार महिन्यांपूर्वी पक्षात आलेल्याच्या घरात गेलं. मुलाखती झाल्या, नाव मात्र मुंबईहून आलं. माझा भाचा न्यू यॉर्कला असतो, तिथला नागरिक आहे. तो म्हणतो, "मावशी, इकडे पक्षाचा उमेदवार लोक मतदानाने ठरवतात." आणि तोच सांगतो की २०१६ साली त्याला त्या मतदानात मत देता आलं नव्हतं. मग ती पद्धत न्याय्य म्हणायची का? ती आपल्याकडे आली तर माझ्यासारखीला काही मिळेल का?

– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. भाच्यापासून सुरुवात करतो. मी सहकार खात्यात नोकरी केली, सोसायट्यांच्या निवडणुका घेतल्या, त्यामुळे मतपेटीच्या आधी माझी नजर यादीवर जाते.

राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायला अमेरिकेतले पक्ष राज्याराज्यांत आधी मतदान घेतात, ती प्रायमरी. काही राज्यांत त्यात कोणताही मतदार मत देऊ शकतो. न्यू यॉर्कमध्ये मतदार नोंदणीच्या वेळी ज्याने त्या पक्षाचं नाव लिहिलंय, त्यालाच देता येतं. २०१६ ची प्रायमरी १९ एप्रिलला होती, आणि आधीपासून नोंद असलेल्या मतदाराला पक्ष लावायची किंवा बदलायची शेवटची तारीख होती ९ ऑक्टोबर २०१५. सहा महिन्यांहून जास्त आधी! तेव्हा शर्यतीत कोण टिकणार, हेही लोकांना धड ठाऊक नव्हतं. डोनाल्ड ट्रम्प यांची दोन मुलं, इव्हान्का आणि एरिक, यांचीही ही तारीख हुकली आणि त्यांना बापाला मत देता आलं नाही. तुमच्या भाच्याचं तेच झालं असणार. नियम सगळ्यांना सारखा होता, छापील होता. तरी मी त्याला न्याय्य म्हणणार नाही.

का म्हणणार नाही, ते सांगतो. तापीकाठच्या एका गावात मी विकास सोसायटीची निवडणूक घेत होतो. सकाळी दहाच्या सुमारास एक म्हातारे बाबा आले. यादीवरून मी बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. "मन्हं नाव कोठे शे, साहेब?" त्यांनी बंडीच्या खिशातून कपाशीच्या बियाण्याची रिकामी पिशवी काढली, तिच्यात घडी घालून ठेवलेली कर्जफेडीची पावती होती. पैसे भरलेले, सही-शिक्का बरोबर. पण खतावणीला नोंद झाली नव्हती, म्हणून यादी तयार करताना ते थकबाकीदार धरले गेले, आणि थकबाकीदाराला मत नाही. मी विचारलं, प्रारूप यादी लागली तेव्हा हरकत का घेतली नाही? ते मला सोसायटीच्या खोलीशी घेऊन गेले. यादी लावली होती खरी, आतल्या भिंतीवर, आणि दाराला कुलूप असायचं. अंतिम यादी झाल्यावर माझ्या हातात काही नव्हतं. मी त्यांना परत पाठवलं. कागदावर ती निवडणूक निर्दोष आहे, आणि ती पावती मला अजून दिसते.

अमेरिकेत दुसरी तक्रार होती ती डेमोक्रॅटिक पक्षाच्या सुपरडेलिगेटांची. आपल्याकडे जिल्हा बँकेला सोसायटीकडून ठराव जातो आणि ज्याच्या नावाचा ठराव, तो मत देतो. तिथेही लोकांच्या मतांवरून प्रतिनिधी ठरतात आणि ते अधिवेशनात उमेदवार निवडतात. पण खासदार, राज्यपाल, पक्षाचे पदाधिकारी हे कोणाच्याही ठरावाशिवाय मताला मोकळे होते, तेच सुपरडेलिगेट. २०१६ साली या पक्षाच्या उमेदवारीसाठी लढत होती बर्नी सँडर्स आणि हिलरी क्लिंटन यांच्यात. न्यू हॅम्पशायर राज्यात सँडर्स यांना ६० टक्के मतं पडली, क्लिंटन यांना ३८. प्रतिनिधी मिळाले १५ आणि ९. मग तिथल्या सहा सुपरडेलिगेटांनी क्लिंटन यांना पाठिंबा दिला आणि बेरीज झाली १५-१५. थंडीत रांगा लावलेल्या लोकांना काय वाटलं असेल?

त्याच वर्षी जुलैमध्ये पक्षाच्या राष्ट्रीय समितीचे ईमेल फुटले. निवडणूक घेणारे लोकच सँडर्स यांच्या विरोधात बोलत होते. अध्यक्षा डेबी वॉसरमन शुल्ट्झ यांना पद सोडावं लागलं. सँडर्स समर्थकांनी फ्लोरिडाच्या कोर्टात दावा लावला. तिथे पक्षाच्या वकिलांनी असाही युक्तिवाद केला की, पक्षाने ठरवलं असतं तर बंद खोलीत बसूनही उमेदवार निवडता आला असता. २०१७ मध्ये दावा फेटाळला गेला. मला ते वाक्य यादीच्या घोळापेक्षा जास्त लागलं. लोकांकडून रांगा लावून घ्यायच्या, देणग्या घ्यायच्या, आणि कोर्टात म्हणायचं की आम्हाला बंधन नाही?

माझं मत विचारता, म्हणून स्पष्ट लिहितो. उमेदवारीच्या त्या मतदानात देशभरात मिळून क्लिंटन यांना सुमारे १ कोटी ६९ लाख मतं होती, सँडर्स यांना सुमारे १ कोटी ३२ लाख. निकाल चोरीचा नव्हता. पद्धत न्याय्य नव्हती. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. पक्षालाही ते कुठेतरी पटलं असावं. २०१८ मध्ये नियम बदलला आणि निकाल आधीच पक्का झालेला नसेल तर अधिवेशनातल्या मतदानाच्या पहिल्या फेरीत सुपरडेलिगेटांनी मत द्यायचं नाही, असं ठरलं. आपल्याकडे स्वीकृत नगरसेवकाला सभेत बसता येतं, मत नसतं, तसंच काहीसं.

आता आपल्याकडचं. माझे आजोबा डिसेंबर १९३६ मध्ये सावद्याहून फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनाला चालत गेले होते. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. ते चार आणेवाले सभासद होते, आणि म्हातारपणीही "आमचा पक्ष" म्हणताना छाती पुढे यायची. त्यानंतर तीनच वर्षांत, १९३९ मध्ये, सुभाषबाबू १५८० विरुद्ध १३७७ मतांनी अध्यक्ष निवडून आले, आणि वरिष्ठांशी जमलं नाही म्हणून एप्रिलमध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. मतदान झालं की प्रश्न मिटतो, असं नाही.

उमेदवारीसाठी मतदान आपल्याकडेही करून पाहिलंय. २०१४ च्या लोकसभेला काँग्रेसने मोजक्या मतदारसंघांत तो प्रयोग केला, आपल्या राज्यात वर्धा आणि लातूरला. मत होतं पक्षाच्या पदाधिकाऱ्यांना, गावातल्या साध्या कार्यकर्त्याला नव्हे. दोन्ही जागा पडल्या आणि प्रयोग मागे पडला. जागा पडल्या म्हणून पद्धत वाईट, हे मला पटत नाही. त्या वर्षी मतदानाशिवाय दिलेली तिकिटंही ढिगाने पडली होती.

कायद्याचा आधार विचाराल तर तो तोकडा आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या २९ अ कलमाखाली पक्षाची नोंदणी होते, पण तिकीट कोणी ठरवायचं याबद्दल त्यात काही नाही.

म्हणून उद्या तुमच्या पक्षाने मतदान जाहीर केलं तरी लगेच पेढे वाटू नका. चार महिन्यांपूर्वी आलेला माणूस हजार सभासदांच्या पावत्या एका रात्रीत फाडू शकतो. आधी तालुकाध्यक्षांना पत्र लिहा : आमच्या गटात पक्षाचे सभासद किती, त्यांची यादी कुठे पाहायला मिळेल, ती कोणत्या तारखेला बंद झाली, आणि या वेळी मुलाखती घेणाऱ्यांनी वर कोणाकोणाची नावं कळवली. एवढंच. गाऱ्हाणं त्या पत्रात नको, ते वेगळं सांगा. तुमच्याबरोबर बूथवर बसणाऱ्या बायकांच्या सह्या घ्या. पोच मागा, आणि दिली नाही तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवा. उत्तर आलं तर मला कळवा, आणि महिनाभरात नाहीच आलं तर तेही कळवा.