पुतण्याला एकट्याला अनमोड घाटात पाठवावं का?

खानापूरकडच्या एका सदस्याने विचारलंय की पुतण्या 21 वर्षांचा आहे, महिन्यापूर्वी हेवीचं, म्हणजे जड वाहनाचं, लायसन्स हातात आलं आणि एक मालक लगेच दहाचाकी द्यायला तयार आहे. पहिलीच फेरी माल भरून बेळगावहून अनमोडमार्गे गोव्याला, सोबत कोणी नाही. पाठवावं का?

आत्ता पाठवू नका. मी 19 वर्षं लॉरी चालवली आणि आता माझ्या दोन गाड्या आहेत, म्हणजे मालकाची अडचणही मला कळते. तरीही नको म्हणतो.

कायद्याने पोरगा बरोबर आहे. मालवाहू गाडीला वयाची 20 वर्षं पूर्ण लागतात, आधी हलक्या वाहनाचं लायसन्स निदान वर्षभर असावं लागतं, ते त्याचं झालंय. ड्रायव्हिंग स्कूलचं प्रमाणपत्रही असणार. 2021 च्या नियमांप्रमाणे मान्यताप्राप्त केंद्रात हेवीचा अभ्यासक्रम 6 आठवड्यांचा, 38 तासांचा आहे. पण तो खरंच किती तास स्टिअरिंगवर बसला, हे त्याला जवळ बसवून विचारा. आमच्याकडे आलेल्या एका पोराने सांगितलं, मैदानात चार दिवस, तेही रिकाम्या गाडीवर. दहाचाकीचं मालासकट वजन कायद्याने 28.5 टनांपर्यंत जातं. रिकामी गाडी थांबवणं आणि ही थांबवणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पूर्वी ही कसर किन्नर, म्हणजे ड्रायव्हरच्या हाताखालचा क्लीनर, म्हणून घालवलेली वर्षं भरून काढायची. मी तीन वर्षं किन्नर होतो. रॉडने टायर वाजवून आतल्या टायरची हवा ओळखायची, मागे घेताना डावीकडून ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणायचं, रात्री वस्तादाला, म्हणजे शिकवणाऱ्या जुन्या ड्रायव्हरला, झोप येऊ नये म्हणून बोलत राहायचं. स्टिअरिंग मिळायचं ते निपाणीपुढच्या सरळ रस्त्यावर, पहाटे, आणि वस्ताद शेजारी बसून. आता भाडं परवडत नाही म्हणून मालकांनी किन्नर काढून टाकले. शिकायची ती जागाच गेली आणि तिच्या बदल्यात कोणी काही दिलं नाही. पोरांना दोष देऊन काय उपयोग?

घाटाचं मात्र नीट सांगतो, कारण जीव तिथेच जातो.

मी 22 चा असताना साखरेची पोती भरून बेळगावहून कोल्हापूरला निघालो होतो. तवंदी घाटाच्या उतारावर टॉप गिअरलाच होतो आणि सारखा ब्रेक दाबत होतो. आधी जळका वास आला. मग आरशात मागच्या चाकाचा धूर दिसला. ब्रेकच्या हवेचा दाब दाखवणारा काटा आठावरून पाचाच्या खाली उतरला आणि बझर ओरडायला लागला. घाबरून खालचा गिअर टाकायला गेलो तर पडेना, गाडी न्यूट्रललाच राहिली. शेजारून वस्तादाने हात घातला, ॲक्सिलरेटर दाबायला सांगून कसाबसा गिअर बसवला आणि कडेच्या मोकळ्या जागेत गाडी घेतली. चाकांना दगड लावले. मी पाण्याचा कॅन घेऊन धावलो तर त्यांनी मनगट धरलं, तापलेल्या ब्रेक ड्रमवर पाणी पडलं की ड्रम तडकतो म्हणून. दीड तास आम्ही तिथे बसून होतो. माझे पाय थरथरत होते. ते शेजारी नसते तर मी आज हे लिहीत नसतो.

म्हणून पुतण्याला एवढं पाठ करायला लावा. ज्या गिअरमध्ये तो घाट चढली असती, त्याच गिअरमध्ये गाडी उतरवायची. गिअर घाटाच्या तोंडाशीच पाडायचा, कारण उतारात वेग धरला की खालचा गिअर पडत नाही. वेग इंजिनाने आणि एक्झॉस्ट ब्रेकने (इंजिनाचा धूर अडवून गाडी धरणारा ब्रेक) धरायचा. पायाचा ब्रेक थोडाच वेळ, ठाम दाबून सोडायचा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करतात, तो तर शुद्ध गैरसमज आहे. आताच्या कॉमन रेल इंजिनात गाडी गिअरमध्ये उताराला लागली आणि पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की डिझेल जवळजवळ बंदच होतं, न्यूट्रलला उलट इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतं. हे मालकालाही ऐकवा. पुष्कळ ठिकाणी न्यूट्रलची सवय मालकाच्या ॲव्हरेजच्या कटकटीमुळेच लागते.

मालकाशी तुम्ही स्वतः बोला, पोराला बोलू देऊ नका. पहिले तीन महिने जुना ड्रायव्हर सोबत हवा, त्यासाठी पुतण्याचा पगार कमी झाला तरी चालेल. आधी कित्तूरवरून हुबळी, माल भरून, दिवसा. मग तवंदी. अनमोड शेवटी, पावसाळा संपल्यावर, कारण पावसाळ्यात तिथे धुक्यात पुढची गाडी दिसत नाही. ड्रायव्हरच्या कामाचे दिवसाला 8 तास 1961 च्या कायद्यातच ठरले होते. आपल्या लाइनवर ते कोणी पाळत नाही हे मला माहीत आहे, पण नव्या पोराला रात्रभर हाकायला लावू नये एवढं तरी कबूल करून घ्या. आणि गाडी ताब्यात घेण्याआधी ब्रेकचे लायनर आणि ब्रेकच्या हवेची गळती एखाद्या जुन्या मिस्त्रीकडून बघून घ्या.

मालक यातलं काहीच मानत नसेल तर ती गाडी सोडा. ड्रायव्हर मिळत नाहीत म्हणून बेळगावातले मालकच सध्या शोधत फिरताहेत, महिनाभरात दुसरी गाडी मिळेल. तोवर त्याला माझ्याकडे पाठवायचं असेल तर हुबळीच्या फेरीला माझ्या ड्रायव्हरच्या शेजारी बसवतो. जेवणखाण माझं.