वाचकांचे प्रश्न : पळून जाण्याचा इतिहास वर्गात शिकवताना

अमेरिकेतल्या गुलामगिरीतून निसटलेल्या माणसांचा इतिहास घेऊन ‘स्वातंत्र्य’ हा विषय शिकवणाऱ्या शिक्षकांनी काही प्रश्न पाठवले आहेत. हा इतिहास शिकवणाऱ्या आमच्या सल्लागारांनी त्यांना दिलेली उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : नववीच्या वर्गासाठी माझ्याकडे चारच तासिका आहेत. आफ्रिकेतून येणाऱ्या जहाजांपासून सुरुवात करू की स्वतः पळून जाऊन नंतर इतरांना सोडवणाऱ्या हॅरिएट टबमनच्या गोष्टीपासून?

दोन्हीपासून नको. एका जाहिरातीपासून करा. ३ ऑक्टोबर १८४९ ही तिच्यावरची तारीख. देणारी एलायझा अ‍ॅन ब्रोडेस, राहणार बकटाउनजवळ, डॉर्चेस्टर काउंटी, मेरीलँड. मथळा ‘तीनशे डॉलर इनाम’. १७ सप्टेंबरच्या सोमवारी तिघं पळाली, असं ती कळवते. हॅरी, वय सुमारे १९, कानाखाली मानेवर आवाळू, उंची ५ फूट ८-९ इंच. बेन, वय सुमारे २५, उंची ६ फूट, कोणी बोललं की चटकन उत्तर देणारा. मिंटी, वय सुमारे २७, उंची ५ फूट, दिसायला चांगली. राज्याबाहेर पकडून दिल्यास प्रत्येकी १०० डॉलर, राज्यात पकडल्यास ५०. माणसं बाल्टिमोर, ईस्टन किंवा केंब्रिजच्या तुरुंगात जमा करायची.

मजकुराचं मराठी भाषांतर करून दोघांत एक प्रत द्या. पहिली दहा मिनिटं काहीही सांगू नका. मग वहीत दोन रकाने करायला लावा. डावीकडे, वस्तू हरवल्यावर आपण देतो तशी माहिती. उजवीकडे, लिहिणारीच्या हातून नकळत सुटलेली माणसाची खूण. ‘चटकन उत्तर देणारा’ कुठल्या रकान्यात, यावर वर्गात वाद होतो. तो होऊ द्या, मिटवायला जाऊ नका.

मग दोन प्रश्न विचारा. राज्याबाहेर इनाम दुप्पट का? आणि पळाल्यापासून जाहिरातीच्या तारखेपर्यंत १६ दिवस का गेले? पहिल्याचं उत्तर मुलं स्वतःच काढतात. दुसऱ्यासाठी एक दुवा पुरवा : डॉर्चेस्टरमध्ये गुलामांना मजुरीसाठी दुसऱ्याकडे भाड्याने देण्याची रीत होती. त्यामुळे मालकिणीला पळून गेल्याचं उशिरा कळलं असणं शक्य आहे.

मिंटी म्हणजेच हॅरिएट टबमन, हे अगदी शेवटी सांगा. तिचं मूळ नाव अरामिंटा. तिने नाव बदललं होतं, पण जाहिरातीत जुनंच राहिलं. १८४९ मधून २७ वजा करायला लावा. तिचं जन्मसाल सुमारे १८२२ का धरतात, ते मुलांना आपोआप कळेल. आणि हेही सांगा की जाहिरातीतला हा प्रयत्न फसला. हॅरी आणि बेन हे तिचे भाऊ घाबरून मागे फिरले आणि तिलाही परत घेऊन आले. त्यानंतर ती एकटी निघाली आणि फिलाडेल्फियाला पोचली.

नाव आधी फोडलं तर तास वाया जातो. मग मुलं कागद वाचतच नाहीत, शूर बाईची गोष्ट ऐकायला सरसावून बसतात.

प्रश्न : टबमनने १९ फेऱ्यांत ३०० माणसं सोडवली आणि तिच्यावर ४०,००० डॉलरचं इनाम होतं, असं वाचलं. फलकावर लिहू का?

नको. १९ आणि ३०० हे आकडे तिच्या एका जुन्या चरित्रातून पसरले. आज अभ्यासक सुमारे १३ फेऱ्या आणि सुमारे ७० माणसं मानतात. याखेरीज साधारण तितक्याच लोकांना तिने वाट समजावून दिली आणि ते स्वतःच्या पायांनी निघाले. ४०,००० डॉलरच्या इनामाला कसलाच आधार नाही. खरा आकडा तुमच्या हातातल्या जाहिरातीतच आहे. ७० माणसं हा आकडा कमी वाटला, तर प्रत्येक फेरीत पकडलं जाण्याची जोखीम नव्याने होती, हे लक्षात आणून द्या.

प्रश्न : ‘अंडरग्राउंड रेलरोड’ला भुयारी रेल्वे म्हटलं की मुलं बोगदा काढतात.

म्हणून भाषांतर करूच नका. ते नाव तसंच ठेवा आणि पहिल्या दोन मिनिटांत सांगा की त्यात ना भुयार होतं ना रूळ. ते पळणाऱ्यांना मदत करणाऱ्या माणसांचं सैलसर जाळं होतं. रेल्वे तेव्हा नवीन होती, म्हणून आसऱ्याच्या घराला ‘स्टेशन’, वाट दाखवणाऱ्याला ‘कंडक्टर’ असे शब्द रूढ झाले. या जाळ्यात गोरे क्वेकर पंथीय होते, तसे स्वतंत्र कृष्णवर्णीयही मोठ्या संख्येने होते. फिलाडेल्फियाच्या विल्यम स्टिलचं नाव जरूर घ्या. येणाऱ्या प्रत्येकाला प्रश्न विचारून तो नोंद ठेवायचा : नाव काय, कोणाकडून पळालात, मागे कोण राहिलं. असाच एक माणूस १८५० मध्ये समोर बसला आणि तो स्टिलचा न पाहिलेला सख्खा भाऊ पीटर निघाला. या नोंदी त्याने लपवून जपल्या आणि गुलामगिरी संपल्यावर, १८७२ मध्ये छापल्या.

प्रश्न : हेन्री ‘बॉक्स’ ब्राउन खोक्यात बसून पळाला. मुलांना खोक्यात बसवून अनुभव द्यायचा विचार आहे. खोकं केवढं घ्यावं?

माप देतो, पण कोणालाही बसवू नका. खोकं ३ फूट लांब, २ फूट रुंद आणि २ फूट ८ इंच खोल होतं. म्हणजे ९१, ६१ आणि ८१ सेंटीमीटर. जमिनीवर खडूने ९१ बाय ६१ चा आयत आखा, शेजारच्या भिंतीवर ८१ सेंटीमीटरवर रेघ मारा. मुलांना भोवती उभं करा. एवढं पुरतं.

आत बसवलं की एक जण हसतो, दुसरा खरंच घाबरतो, आणि दोघांच्याही हाती इतिहास लागत नाही. हाच नियम मालक-गुलाम नाट्यीकरणाला लावा. कोणी मालक व्हायचं आणि कोणाला बांधायचं, हे ठरवताना वर्गातली आधीचीच उतरंड वर येते. मधल्या सुट्टीत ते चिडवणं सुरूच राहतं.

आता खोक्याचा तपशील. मार्च १८४९, व्हर्जिनियातलं रिचमंड ते फिलाडेल्फिया, अ‍ॅडम्स एक्सप्रेस या मालवाहू सेवेने, २७ तास. आत सोबत पाण्याची एक पिशवी, थोडी बिस्किटं आणि हवेसाठी भोक पाडायला एक गिरमिट. वर ‘ही बाजू वर’ असं लिहिलेलं असूनही वाटेत खोकं उलटं ठेवलं गेलं आणि तो बराच वेळ डोक्यावर होता. घड्याळ दाखवून विचारा : आज सकाळी दहाला झाकण ठोकलं तर ते उघडणार कधी? उद्या दुपारी एकला. हा हिशोब झाला की वर्ग बहुतेक वेळा गप्प होतो.

पण तिथे थांबलात तर ती जादूच्या प्रयोगाची गोष्ट होते. तीन गोष्टी जोडा. पहिली, त्याची गरोदर बायको नॅन्सी आणि मुलं १८४८ मध्ये विकली गेली, त्यानंतर तो निघाला. दुसरी, खोकं पाठवणाऱ्या सॅम्युएल स्मिथने पुढे आणखी काहींना तसंच पाठवण्याचा प्रयत्न केला, तो पकडला गेला आणि तुरुंगात गेला. तिसरी वादाला उत्तम : फ्रेडरिक डग्लसने नंतर लिहिलं की ही युक्ती जाहीर झाली नसती तर त्या वाटेने वर्षाला हजार जण सुटले असते. स्वतः डग्लस १८३८ मध्ये खलाशाच्या वेशात, दुसऱ्याची कागदपत्रं खिशात घालून आगगाडीने बाल्टिमोरहून निसटला. पण ते कसं जमवलं, हे त्याने १८८१ पर्यंत छापलं नाही. सुटलेल्या माणसाने आपली गोष्ट सांगावी की मागच्यांसाठी गप्प राहावं? यावर एक अख्खी तासिका खर्ची घातली तरी चालेल.

प्रश्न : गोधडीवरच्या नक्षीत वाटेच्या खुणा लपवलेल्या असत. तसा प्रकल्प करून घ्यावा का?

ही कल्पना १९९९ च्या एका पुस्तकामुळे गाजली. पळून आलेल्यांच्या १९ व्या शतकातल्या जबान्यांत आणि आठवणींत तिचा मागमूस नाही. हस्तकलेच्या तासाला गोधडी जरूर शिवा, पण इतिहास म्हणून नको.

त्याऐवजी आकाश घ्या. टबमन ध्रुवताऱ्याच्या आधाराने चाले, ही गोष्ट पक्की आहे. सप्तर्षीतल्या क्रतू आणि पुलह यांना जोडणारी रेघ पुलहाकडून क्रतूकडे पुढे नेली, तर त्यांच्यातल्या अंतराच्या सुमारे पाचपट अंतरावर ध्रुव सापडतो. मुलं इथे नेहमी दोन चुका करतात. ध्रुव सर्वांत तेजस्वी असेल असं समजतात, आणि रेघ उलट्या दिशेला ओढतात. आणखी एक अडचण मेरीलँडची. तिथलं अक्षांश सुमारे ३८ अंश, म्हणजे ध्रुव क्षितिजापासून तितक्याच उंचीवर. पण शरद ऋतूत संध्याकाळनंतर सप्तर्षी क्षितिजालगत उतरलेला असतो आणि झाडांआड जातो. तेव्हा ध्रुवाच्या दुसऱ्या बाजूची शर्मिष्ठा उपयोगी. आणि ढग असले तर? हा प्रश्न मुलांकडूनच येऊ द्या. नदीच्या प्रवाहाविरुद्ध चालणं, ओळखीची घरं, तोंडी सांगितलेल्या खुणा ही उत्तरं मग शोधता येतात.

प्रश्न : मुलं विचारतात, मग सगळेच का नाही पळाले? मला नीट उत्तर देता येत नाही.

हा संपूर्ण पाठातला सर्वांत मोलाचा प्रश्न आहे. आणि पळालेल्यांच्या धाडसाचं कौतुक जितकं रंगवाल, तितका तो टोचरा होतो. न पळालेले भित्रे होते, असा अर्थ मुलं काढतात.

आधी आकडे द्या. १८६० च्या जनगणनेत गुलाम म्हणून नोंदलेली माणसं ३९,५३,७६०. वर्षभरात पळून परत न सापडलेले म्हणून नोंदलेले फक्त ८०३. भागाकार करा : साधारण ४,९०० त एक. मालकांनी आकडा लपवला असेल असं धरून तो दहापट करा, तरी ४९० त एक.

मग नकाशा. डॉर्चेस्टरहून फिलाडेल्फिया सुमारे १४५ किलोमीटर. जॉर्जियातल्या मेकनहून हेच अंतर सुमारे १,००० मैल, म्हणजे १,६०० किलोमीटर. ते एलेन आणि विल्यम क्राफ्ट या गुलामीतल्या जोडप्याने डिसेंबर १८४८ मध्ये चार दिवसांत कापलं, तेही आगगाडी आणि आगबोटीने. एलेनचा वर्ण इतका गोरा होता की ती आजारी गोऱ्या जमीनदार पुरुषाचं सोंग घेऊ शकली, आणि विल्यम तिचा नोकर झाला. हिरवा चष्मा, गालावर पट्टी आणि उजवा हात झोळीत. हात झोळीत का? हॉटेलच्या वहीत सही करावी लागे आणि तिला लिहिता येत नव्हतं. अक्षरओळखीवरच्या बंदीची सगळी कहाणी त्या झोळीत आहे. गुलामाला बाहेर पडायला मालकाची चिठ्ठी लागे. लिहिता येणारा ती स्वतः बनवू शकला असता. दक्षिणेतल्या अनेक राज्यांनी शिकवण्यावर कायद्याने बंदी घातली, त्यामागचं हे एक कारण.

तिसरी गोष्ट घरची माणसं. पळणाऱ्यांत तरुण पुरुष जास्त होते, कारण कडेवर मूल घेऊन रात्री जंगलातून चालणं वेगळं. १८६० च्या अखेरच्या फेरीत टबमन बहिणीला आणायला गेली, तेव्हा बहीण आधीच वारली होती आणि तिची मुलं मागेच राहिली. शिवाय बरेच जण काही दिवस जवळच्या रानात लपून परत येत, कधी फटके चुकवायला, कधी दुसऱ्या मळ्यावरच्या बायकोला भेटायला. तेही पळणंच होतं.

मे १८६१ चा प्रसंगही सांगा. यादवी युद्ध सुरू होताच शेपर्ड मॅलरी, फ्रँक बेकर आणि जेम्स टाउनसेंड हे गुलाम केलेले तिघं व्हर्जिनियातल्या फोर्ट मन्रो या उत्तरेच्या सैन्याच्या ताब्यातल्या किल्ल्यात गेले. जनरल बटलरने त्यांना परत करायला नकार दिला. वाट जवळ आली तेव्हा त्यांच्यामागून हजारो आले.

प्रश्न : पळालेल्या गुलामांना पकडून परत देण्याचा १८५० चा कायदा शिकवताना तास कंटाळवाणा होतो.

कलमं वाचू नका, पैसे मोजा. पकडलेल्या माणसाला दावेदाराच्या ताब्यात दिलं तर निकाल देणाऱ्या आयुक्ताला १० डॉलर, सोडलं तर ५. पकडलेल्याची साक्ष ग्राह्य नाही, ज्यूरी नाही. मदत करणाऱ्याला १,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. आता १८५० चा नकाशा रंगवा : गुलामीची १५ राज्यं, मुक्त १६. या कायद्यानंतर मुक्त राज्यांचा रंग किती विश्वासाचा राहिला, असं विचारा. त्यानंतर टबमन माणसांना कॅनडापर्यंत का नेऊ लागली, ते समजतं. कॅनडा ब्रिटिशांच्या ताब्यात होता आणि तिथे १८३४ पासून गुलामी बंद होती.

प्रश्न : जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली. ते जोडावं का?

जोडा, पण शेवटच्या तासाला. ती अर्पणपत्रिका कृष्णवर्णीयांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांच्या सन्मानार्थ आहे. मुलांनी तोवर मिंटी, एलेन आणि ब्राउन यांना ओळखलेलं असेल. या यादीत आणखी कोणाची नावं घालाल, असं विचारा.

प्रश्न : ‘गुलाम’, ‘मालक’, ‘निग्रो’ हे शब्द वापरावेत का?

जुन्या मजकुरात ‘निग्रो’ असेल तर तो अवतरणात ठेवा. स्वतः बोलताना ‘कृष्णवर्णीय’ म्हणा. ‘गुलाम’ पूर्ण टाळता येत नाही, पण जिथे जमेल तिथे ‘गुलाम केलेली माणसं’ म्हणा. ‘मालक’ या शब्दाकडे मात्र जास्त लक्ष द्या. मराठीत तो आदराने हाक मारायचाही शब्द आहे, त्यामुळे मुलांच्या कानाला तो खटकत नाही. ‘गुलाम बाळगणारा’ हा शब्दप्रयोग लांब आहे. पहिले दोन दिवस मुलं अडखळतात, तिसऱ्या दिवशी सरावतात.