'काही नाही' म्हणणाऱ्या मुलाच्या आईला

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा नववीत. शाळेतून आला की खोलीचं दार लावून घेतो, काय झालं विचारलं की 'काही नाही'. सहामाहीत गणिताचे मार्क घसरले. सासूबाई म्हणतात तुम्हीच लाडावून ठेवलंय. मिस्टरांनी त्याला न सांगता त्याच्या फोनमध्ये लोकेशन दाखवणारं अ‍ॅप टाकलंय. आणि तुम्ही विचारताय, आम्ही कुठे चुकलो?

माझी लेक आता सव्वीसची, मुलगा बावीसचा. मी डॉक्टर किंवा समुपदेशक नाही. लेकीच्या वेळी हात पोळले, म्हणून या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. तेवढ्या भांडवलावर लिहितोय.

दाराचं आधी उरकतो. चौदाव्या वर्षी दार लावून बसणं हा आजार नाही. रात्री बारापर्यंत जागतो आणि सकाळी हलवलं तरी उठत नाही, हेही निव्वळ आळशीपण नव्हे. या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा वाढतं, आणि झोपेची गरज मात्र आठ ते दहा तासांची असते. त्यात सातची शाळा. राज्य सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका म्हणून सांगितलं ते बरंच झालं, पण माझ्या मते त्याची जास्त गरज नववी-दहावीवाल्यांना होती. असो.

आता खरा मुद्दा. तुम्हा दोघांनाही वाटतंय की त्याची पुरेशी माहिती हाती आली की तो ताळ्यावर राहील. तज्ज्ञांनाही बरीच वर्षं असंच वाटायचं. मूल कुठे असतं, कोणाबरोबर असतं, पैसे कशावर उडवतं हे ज्या पालकांना ठाऊक असतं, त्यांची मुलं भानगडीत कमी पडतात, असं एकामागून एक पाहण्यांत दिसत होतं. त्यावरून सल्ला निघाला, नजर ठेवा. मग २००० साली हाकन स्टाटिन आणि मार्गारेट कर या दोन संशोधकांनी स्वीडनमधल्या चौदा वर्षांच्या ७०३ मुलामुलींना आणि त्यांच्या पालकांना गाठून एक साधी गोष्ट तपासली. ही माहिती पालकांकडे येते कुठून? खोदून विचारल्याने, नियम घातल्याने, की पोरं आपणहून सांगतात म्हणून? सगळ्यात जास्त ती येत होती आपणहून सांगण्यातून, आणि कमी भानगडींशी सर्वांत घट्ट नातंही त्याच सांगण्याचं होतं. सतत आपल्यावर पहारा आहे असं ज्या मुलांना वाटायचं, त्यांची गत उलट वाईट. आता घरात आधीपासून गोडी आहे म्हणून मूल बोलतं, की बोलतं म्हणून गोडी राहते, यावर अजून वाद चालू आहेत. पण पोराबद्दल आपल्याला जे कळतं ते बहुतेक तो कळू देतो म्हणून, हे वाचल्यावर मला लेकीचा आठवीतला एक रविवार आठवला.

दोघं मेथी निवडत बसलो होतो. तिने मान वर न करता सांगितलं, "बाबा, आमच्या वर्गातली एक जण क्लासच्या मागे सिगारेट ओढते." माझ्या हातातली जुडी तिथेच पडली. "कोण? तू काय करत होतीस तिथे? तूही ओढलीस का?" तीन प्रश्न एका दमात. मग वीस मिनिटं व्याख्यान, नेटवरच्या काळ्या फुफ्फुसांच्या फोटोंसकट. वर संध्याकाळी त्या मुलीच्या आईला फोन. मला वाटत होतं, काय जबाबदार बाप आहे मी! सोमवारी शाळेत माझ्या पोरीचं काय झालं असेल, याचा विचारही शिवला नाही. त्यानंतर दहावी संपेपर्यंत आमच्या घरी "काही नाही" एवढंच ऐकू यायचं. मागे एकदा तो विषय निघाला तेव्हा म्हणाली, "तुला सांगणं म्हणजे सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावणं होतं." ती हसत होती. मला काही हसू आलं नाही.

काय म्हणायला हवं होतं मी? "हं. मग?" बास. आणि मेथी निवडत राहायचं. बाकीचं तिनेच सांगितलं असतं, कदाचित त्या दिवशी, कदाचित बुधवारी.

मुलाच्या वेळी थोडी अक्कल आली होती. अकरावीत क्लासची फी भरायला दिलेल्या पैशांतले बाराशे रुपये त्याने उडवले. ते त्याने सांगितलं स्कूटरवर, माझ्या मागे बसून. माझं तोंड दिसत नव्हतं म्हणूनच धीर झाला असणार. मी गाडी थांबवली नाही, मागे वळलो नाही. आतून उकळत होतो, पण पुढच्या सिग्नलला एवढंच विचारलं, "मग आता कसे भरायचे?" पॉकेटमनीतून महिना दोनशे कापून घेतले, सहा महिने, एक हप्ता माफ नाही. आईला मात्र त्यानेच सांगितलं, मी नाही.

यातून सासूबाईंच्या मुद्द्याचं उत्तर निघतं. आपल्याकडे लाड आणि धाक एकाच काट्याच्या दोन टोकांना धरतात, एक वाढला की दुसरा कमी. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ डायना बाउमरिंड यांनी १९६० च्या दशकात घराघरांतलं वळण पाहून तीन प्रकार मांडले: हुकूम सोडणारे, मोकळं सोडणारे, आणि तिसरे, जे मायेनेही वागतात आणि नियमही सोडत नाहीत, पण नियमाचं कारण सांगतात. १९८३ मध्ये मॅकोबी आणि मार्टिन या संशोधकांनी त्यात चौथा घातला, ना माया ना नियम. म्हणजे माया आणि शिस्त ही दोन वेगळी मापं आहेत, दोन्ही एकदम भरपूर असू शकतात. तुमच्या घरी तुम्ही पाघळता आणि मिस्टर कडक राहतात. याची सरासरी निघून तिसरा प्रकार तयार होत नाही, पोराला फक्त कोणाकडे काय मागायचं ते कळतं. तेव्हा रात्री फोन कधी बाहेर ठेवायचा, घरी कधी यायचं, असे दोन-तीनच नियम दोघांनी मिळून ठरवा आणि त्याच्यासमोर एकाच तोंडाने बोला.

"आम्ही कुठे चुकलो" याबद्दल मात्र स्वतःला फार छळू नका. माझा मुलगा जन्मजात बडबड्या, लेक मुळात अबोल. एकाच घरातली. स्टेला चेस आणि अलेक्झांडर थॉमस या डॉक्टर दांपत्याने १९५६ पासून न्यूयॉर्कमधली मुलं तान्ह्या वयापासून वर्षानुवर्षं पाहिली आणि सांगितलं की मूल आपला पिंड घेऊनच येतं. त्या पिंडाशी घरच्यांचं वागणं जुळतं की नाही हे महत्त्वाचं. १९९८ मध्ये जुडिथ रिच हॅरिस या अमेरिकी लेखिकेने तर मुलांना आईबापांपेक्षा सवंगडी जास्त घडवतात असं मांडून खळबळ उडवली. मी तितका टोकाला जात नाही, पण रात्री दोन वाजता छताकडे बघत पडलेल्या आईला तेवढाच दिलासा.

गणिताचं म्हणाल, तर तो घरात शिरल्यावरचं पहिलं वाक्य गणिताबद्दल नको, एवढंच.

एक गोष्ट मात्र 'वयच तसं आहे' म्हणून सोडू नका. जेवण तुटलं, मित्र तुटले, आवडीचा खेळ सुटला, "जगून काय करायचंय" छापाचं बोलणं कानावर आलं किंवा अंगावर कापल्याच्या खुणा दिसल्या, तर वाट न बघता मानसोपचारतज्ज्ञ गाठा. टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो. तुमच्या लिहिण्यावरून तो क्रिकेटला जातो, दोन मित्र घरी येतात, पोळ्या हाणतो. म्हणजे तसं काही दिसत नाही.

समोर बसवून "आता बोल" म्हणू नका, ती उलटतपासणी होते. मटार सोलायला घ्या, सायकलची चेन बसवायला बोलवा, नाहीतर गाडीवर मागे बसवून दळण आणायला न्या. हात कामात आणि नजर खाली, असं काहीतरी. पहिले पंधरा दिवस तो फक्त क्रिकेटचा स्कोअर सांगेल. ऐका.

अ‍ॅपचं मात्र मिस्टरांनी आज रात्रीच त्याला सांगून टाकावं आणि त्याच्यासमोर काढावं. नववीतला मुलगा आहे, त्याला बहुधा आधीच सापडलेलं असेल.