'अबाइड विथ मी' या गीताचा अर्थ काय, आणि ते इतकं का भावतं?

तुम्ही विचारलंय की प्रजासत्ताक दिनानंतर दिल्लीत होणाऱ्या बीटिंग रिट्रीट या सैनिकी सोहळ्यात पूर्वी वाजायचं ते 'अबाइड विथ मी' हे इंग्रजी ख्रिस्ती भक्तिगीत नेमकं काय सांगतं, आणि जे ख्रिस्ती नाहीत त्यांनाही ते का भिडतं. मी इंदूरची. आमच्या घरात मराठी आणि चर्चमध्ये हिंदी. पणजोबा अहमदनगरकडून रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे आले आणि इथलेच झाले. हे गीत मी लहानपणापासून पेटीवर वाजवत आलेय, त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते.

अर्थ थोडक्यात असा: दिवस मावळला, अंधार दाटत चाललाय, बाकीच्यांचा आधार सुटलाय, प्रभू, तू मात्र माझ्याजवळ राहा.

याचं मूळ बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, २४व्या अध्यायात आहे. येशूला वधस्तंभावर दिल्याला तिसरा दिवस. त्याचे दोन शिष्य यरुशलेमहून अम्माऊस नावाच्या गावाकडे चालत निघालेत. सगळं संपलं, अशी त्यांच्या मनाची अवस्था. वाटेत एक अनोळखी माणूस त्यांना गाठतो आणि बोलत बोलत बरोबर चालू लागतो. गाव आल्यावर तो पुढे जायला निघतो, तेव्हा हे दोघे त्याला आग्रह करतात की दिवस कलला, आता आमच्याकडेच राहा. आपल्याकडे तिन्हीसांजेला दारात आलेल्याला कोणी जाऊ देत नाही, तसाच हा साधा आग्रह. हा कोण, हे त्यांना अजून कळलेलंच नाही! जेवायला बसल्यावर तो भाकर मोडतो आणि तेव्हा त्यांचे डोळे उघडतात. गीतातली विनवणी हीच आहे, फरक एवढाच की तिथे आग्रह करायला दोघं होते आणि इथे माणूस एकटा उरलाय.

लिहिणारा हेन्री फ्रान्सिस लाइट. इंग्लंडमध्ये डेव्हन परगण्यात ब्रिक्सहॅम नावाचं मासेमारीचं बंदर आहे, तिथल्या चर्चचा हा पाळक, म्हणजे धर्मगुरू. वीसेक वर्षं तिथल्या कोळ्यांमध्ये राहिला. पुढे क्षयाने पोखरला गेला. सप्टेंबर १८४७ मध्ये त्याने मंडळीपुढे शेवटचं प्रवचन केलं, आणि त्याच संध्याकाळी हे गीत घरातल्या एका व्यक्तीच्या हाती दिलं, असं त्याच्या मुलीने लिहून ठेवलंय. काही अभ्यासक म्हणतात की त्याने ते बरंच आधी, एका मित्राच्या मृत्यूशय्येपाशी बसून आल्यावर लिहिलं होतं. मला स्वतःला मुलीचं म्हणणं पटतं, कारण दुसऱ्या कडव्यात आयुष्याचा छोटासा दिवस ओहोटीच्या पाण्यासारखा झरझर ओसरतो. बंदरात उभं राहून रोज ओहोटी बघणाऱ्या आणि आपली वेळ आल्याचं कळलेल्या माणसाचं ते कडवं वाटतं. हवापालटासाठी तो दक्षिणेकडे निघाला आणि २० नोव्हेंबर १८४७ ला नीस शहरात वारला. वय ५४.

आता मुख्य गोष्ट. हा माणूस मरणाच्या दारात आहे, पण आयुष्य वाढवून दे असं एकाही कडव्यात म्हणत नाही. अंधार घालव, असंही म्हणत नाही. अंधार पडणार हे त्याने धरूनच चाललंय. त्याला फक्त सोबत हवी आहे. तुकोबांनी मुक्ती नको, धनसंपदा नको म्हणून संतांचा संग मागितला, तो अभंग ज्याच्या कानावर आहे त्याला मागण्याची ही जात ओळखू येईल. संकट टळो न टळो, तू असलास की झालं. माझ्या मते या गीताचं सगळं बळ यातच आहे. दुःखात असलेल्या माणसाला आपण सांगतो, 'सगळं ठीक होईल', आणि ते खोटं आहे हे त्याला कळत असतं. हे गीत ते खोटं बोलत नाही.

मूळ कडवी आठ आहेत. आपण गातो ती बहुधा पाच. गळलेली तीन जरूर वाचा. एकात तो म्हणतो, मला तुझी ओझरती नजर नको, जाता जाता टाकलेला शब्द नको. शिष्यांबरोबर जसा राहत होतास तसा ओळखीचा होऊन राहा. दुसऱ्यात, राजाधिराज म्हणून धाक घालत येऊ नकोस, मायेने ये. आणि तिसऱ्यात कबुली आहे: तरुणपणी तू माझ्याकडे बघून हसलास, मी मात्र बंडखोरपणे कितीदा तुला सोडून गेलो, तू मला सोडलं नाहीस. ही कबुली वाचल्यावर 'राहा' या मागणीची धार वाढते. जो स्वतः थांबला नाही, तो दुसऱ्याला थांब म्हणतोय. हे कडवं गाण्यातून गळलं याची मला खरंच हळहळ वाटते.

चालीबद्दल बोलल्याशिवाय उत्तर पुरं होणार नाही. चाल विल्यम हेन्री मंक यांची, १८६१ची. पेटी असेल तर समोर घ्या. पहिली ओळ: ग ग रे सा प, ध प प म ग. दुसरी ओळ ग म प ध प म करत वर जाऊन उतरते, आणि अंधार दाटल्याचं सांगून झाल्यावर जिथे विनवणी सुरू होते तिथे रे ग, मग तीव्र मध्यम आणि पंचम. सगळ्या चालीत तीव्र मध्यम एवढा एकदाच लागतो, आणि लागतो तो नेमका मागण्यावर. शेवटची ओळ रे ग म ग रे सा, म ग रे सा: दोनदा मध्यमाला जाऊन दोन्ही वेळा षड्जावर परत. सगळी चाल सा ते ध एवढ्यातच बसते. म्हातारा, आजारी, रडून गळा बसलेला, कोणीही गाऊ शकतो. दफनाच्या वेळी गळे कसे असतात हे ज्यांनी ऐकलंय त्यांना याचं मोल कळेल. मात्र फार खेचून गाऊ नका. लोक हे रडकं करून टाकतात, आणि ते गीत तसं नाही.

माझी आजी गेली तेव्हा संध्याकाळी घरात मंडळी जमली. आम्ही घरच्या प्रार्थनेत नारायण वामन टिळकांची मराठी गीतं म्हणतो, तीही म्हटली. पण आजीने हे इंग्रजी गीत सांगून ठेवलं होतं. शेजारच्या काकू बसल्या होत्या. त्या भजनी मंडळातल्या, इंग्रजीचा गंध नाही. तिसऱ्या कडव्यापासून शेवटच्या ओळीचं म ग रे सा त्या आमच्याबरोबर गुणगुणू लागल्या, डोळे मिटून. अर्थ त्यांनी मला नंतर विचारला. मी सांगितला तर म्हणाल्या, 'हेच मागायचं असतं गं.'

इंदुरात १८७७ पासून कॅनडाचे प्रेस्बिटेरियन मिशनरी आले, १८८७ मध्ये ख्रिश्चन कॉलेज निघालं, आणि त्यांच्याबरोबर कितीतरी इंग्रजी गीतं इथे रुजली. पण हे गीत चर्चच्या भिंतीत राहिलंच नाही. ऑक्टोबर १९१५ मध्ये ब्रसेल्सला एडिथ कॅव्हेल या नर्सला जर्मनांनी गोळ्या घातल्या, त्याच्या आदल्या रात्री भेटायला आलेल्या पाळकाबरोबर तिने हेच म्हटलं. इंग्लंडमध्ये १९२७ पासून एफए कप या फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्याआधी हजारो लोक उभे राहून ते गातात. गांधीजींना ते प्रिय होतं, आणि २९ जानेवारीला, त्यांच्या पुण्यतिथीच्या आदल्या संध्याकाळी, बीटिंग रिट्रीटमध्ये दिल्लीच्या विजय चौकात सैन्याचा बँड घंटांच्या साथीने ते वाजवायचा. २०२२ पासून ते कार्यक्रमात नाही. मला त्याची उणीव भासते. सूर्यास्ताला निशाण उतरवण्याआधी वाजवायला याहून योग्य सूर मला तरी सुचत नाहीत.

राहिला ख्रिस्ती नसलेल्यांचा प्रश्न. सोबतीची गरज सगळ्यांचीच, म्हणून पहिली कडवी कोणालाही आपली वाटतात. पण शेवटी 'मरणा, तुझी नांगी कुठे?' हा बायबलमधल्या प्रेषित पौलाचा सवाल येतो, आणि मिटत्या डोळ्यांपुढे वधस्तंभ धर अशी विनंती येते. सर्वांना चालावं म्हणून काही ठिकाणी ही कडवी गाळतात. तसं करू नका. लाइटने ज्याला थांब म्हटलं तो स्वतः मरणातून गेलेला आहे, म्हणूनच मरणाच्या वेळी त्याची सोबत मागण्यात अर्थ आहे. तुमचा त्यावर विश्वास असो वा नसो, गाणाऱ्याचा आहे, आणि त्याला ते पुरतं म्हणू द्यावं.