वाचकांचे प्रश्न : प्रोग्रॅम चालतो, पण समजत नाही

प्रश्न : मी बी.एस्सी. संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षात शिकते. प्रॅक्टिकलचे पायथनमधले प्रोग्रॅम मी चॅटजीपीटीकडून लिहून घेते. ते चालतात आणि जर्नलही वेळेवर पूर्ण होते. परवाच्या तोंडी परीक्षेत मात्र एक्स्टर्नल म्हणून आलेल्या सरांनी माझ्याच प्रोग्रॅममधल्या एका ओळीचा अर्थ विचारला आणि मला तो सांगता आला नाही. पुढे हे काम यंत्रच करणार असेल, तर कोडिंग शिकण्यात वर्षे घालवावीत का?
— एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : तुमची शंका जुनीच आहे. आयबीएम या संगणक कंपनीत जॉन बॅकस यांच्या गटाने फोरट्रान या प्रोग्रॅमिंगच्या भाषेविषयी १९५४ मध्ये जो प्राथमिक अहवाल लिहिला, त्यातही कोडिंगचे आणि चुका शोधण्याचे काम आता जवळजवळ उरणार नाही, अशी अपेक्षा होती. फोरट्रान १९५७ मध्ये आली. चुका शोधणारे अजूनही कामावर आहेत.

तेव्हा त्या ओळीकडेच वळू. समजा, तुम्ही दुकानाच्या बिलाचा प्रोग्रॅम लिहून घेतला आणि त्यात रकमा रुपयांच्या अपूर्णांकांत ठेवलेल्या आहेत. पायथनला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ इतकीच आहे का, असे विचारून पाहा. उत्तर नकारार्थी येते, कारण त्या बेरजेत दशांश चिन्हानंतर सतराव्या स्थानी एक ४ डोकावतो. एक तृतीयांश ही संख्या जशी आपल्या दशमान पद्धतीत ०.३३३ अशी न संपता चालत राहते, तशीच एक दशांश ही संख्या संगणकाच्या द्विमान (फक्त ० आणि १ या अंकांच्या) पद्धतीत कधीच संपत नाही, म्हणून तो तिच्या जवळची संख्या साठवतो. हिशेब पूर्णांकी पैशांत ठेवून रुपये फक्त छापताना दाखवले, की ही अडचण येत नाही.

हे सारे यंत्रालाही ठाऊक आहे आणि विचारल्यास ते छान समजावून सांगेल. पण विचारावेसे वाटायला आधी शंका यावी लागते, आणि वीस व पन्नास रुपयांच्या वस्तू घालून तपासले तर बिल अगदी बरोबर येते!

यंत्र सोडा, असे मी म्हणत नाही. भाषेचे नियम पाठ करण्यात तर मुळीच वेळ घालवू नका. जर्नलमधला प्रोग्रॅम फार मोठा नसतो, म्हणून पहिला अर्धा तास तो स्वतः कागदावर लिहा, मग यंत्राचा मागवा, आणि तो चालवण्याआधी प्रत्येक टप्प्यावर कोणत्या व्हेरिएबलमध्ये (किंमत साठवणाऱ्या नावात) काय असेल, ते समासात नोंदवा. जिथे अंदाज चुकेल, तेवढाच त्या दिवसाचा अभ्यास.

सुरुवात सरांनी विचारलेल्या ओळीपासून करा : ती खोडा, प्रोग्रॅम पुन्हा चालवा आणि नेमके काय बिघडते ते पाहा.