लिफ्ट किट दोन इंचांचं की तीन?

प्रश्न : चोरल-जानापावकडच्या कच्च्या रस्त्यांवर आमच्या नव्या थारचं पोट दगडांना घासतं. गाडी उंच करणारं तीन इंचांचं लिफ्ट किट बसवावं का? – एक वाचक, इंदूर

उत्तर : आधी खाली वाकून पाहा, घासतंय नेमकं काय. मागचं डिफरन्शियल, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलमधला गिअरचा गोळा असेल तर किटचा उपयोग शून्य. ते फक्त मोठ्या टायरने वर येतं. चॅसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा घासत असेल तर किट घ्या, पण दोन इंचांवर थांबा. पुढचं सस्पेन्शन इंडिपेंडंट आहे, म्हणजे दोन्ही चाकं स्वतंत्रपणे वरखाली होतात. गाडी जास्त उचलली की चाक फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो, त्याच्या टोकाच्या सीव्ही जॉइंटचं रबरी बूट चिरतं, ग्रीस उडतं आणि धूळ शिरली की वळताना कटकट सुरू.

जुन्या स्प्रिंगला जोडायचे नुसते स्पेसर स्वस्त पडतात, पण शॉक अ‍ॅब्झॉर्बर जुनेच राहतात आणि चाक लोंबकळलं की पुरते ताणले जातात. स्प्रिंग आणि शॉक एकत्रच बदला. लोखंडी बंपर किंवा विंच (अडकलेली गाडी ओढणारी चरखी) नसताना हेवी ड्युटी स्प्रिंग मात्र नको. रिकामी गाडी नुसती उडते.

बसवल्यावर चाकं लोंबकळत ठेवून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. ब्रेकचा होज (लवचिक नळी) ताणला तर लांब होज हवाच. मग चाकांचं अलाइनमेंट आणि हेडलाइटचा झोत खाली. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 फेरबदलांना लागू होतं, म्हणून पैसे देण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीला विचारा.